भांड्यावरचे नाव

शासकीय रेखाकला परीक्षा जवळ आली की आमच्या वर्गात एका टेबलावर बादली, लोटा आणि दोन वांगी मांडली जातात. एलिमेंटरीला वस्तुचित्राचा पेपर असतो. आमच्या उर्दू शाळेत चित्रकलेला वेगळे शिक्षक नाहीत. इतिहास शिकवता शिकवता चित्रकलेचा तासही आमच्याच वाट्याला येतो. त्याच त्या बादलीला मुले कंटाळली होती, म्हणून एका वर्षी आम्ही सांगितले की उद्या प्रत्येकाने घरातली एक जुनी वस्तू आणायची.

दुसऱ्या दिवशी टेबल भरून गेले. अडकित्ता, पानदानाचे झाकण, तोटीचा बधना, काच फुटलेला कंदील, जात्याचा लाकडी खुंटा. आठवीतल्या एका मुलीने तांब्याचा कटोरा आणला होता. आतली कल्हई उडालेली, बाहेरून काळपट पडलेला. त्याच्या काठाखाली बारीक टिंबांचे ठोके मारून उर्दूत एक नाव कोरलेले होते आणि पुढे आकडा होता, १३५२ फसली. मुलीने कटोरा फार सुंदर काढला. छायाप्रकाश बरोबर, काठाची गोलाई बरोबर. फक्त नाव काढले नव्हते. आम्ही विचारले तर म्हणाली, "नाम कायकू, सर? चीजच निकालनी है ना?"

परीक्षेच्या दृष्टीने तिचे बरोबरच होते, पण इतिहासाच्या शिक्षकाला ते उत्तर चैन पडू देईना. निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज फसली सनाने चाले. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. १३५२ म्हणजे १९४२-४३. तेव्हा परभणी हा हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता, कचेरीची आणि अदालतीची भाषा उर्दू होती आणि आजच्या आठवीतल्या मुलीच्या पणजोबांनी बाजारात तांब्याचा कटोरा घेऊन त्यावर आपले नाव घालून घेतले होते. त्याच मुलीच्या आईच्या लग्नातल्या स्टीलच्या डब्यांवर नाव देवनागरीत आहे, हे आम्हांला नंतर कळले. मधल्या काळात बरेच काही घडून गेले होते. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अॅक्शन झाली, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. पाठ्यपुस्तकात या तीन तारखा तीन ओळींत आटोपतात. त्या घरात त्या भांड्यांच्या फळीवर मांडून ठेवल्या आहेत. पण वाचायचे कोणी?

घरातल्या साध्या वस्तूंतून माणसाची संस्कृती आणि त्याचा मुलूख वाचण्याचे काम गेल्या काही दशकांत जगभरच्या चित्रकारांनी आणि शिल्पकारांनी हाती घेतले आहे. त्यात आपल्या महाराष्ट्रातले कलावंत आहेत आणि मुस्लिम घरांतून आलेलेही आहेत. आपल्याकडे मात्र आधुनिक कला म्हटले की 'ते श्रीमंतांचे थेर' असे म्हणून विषय संपवतात. आम्हीही तेच म्हणत होतो. त्या कटोऱ्यानंतर या कलावंतांविषयी मिळेल ते वाचत गेलो. त्यांची बरीचशी कामे आम्ही छायाचित्रांतून आणि वर्णनांतूनच पाहिली आहेत, हे आधीच कबूल करतो. तरीही आमचे मत असे झाले आहे की ही रीत परकी नाही. ती आपल्या दख्खनची जुनी रीत आहे आणि आपण ती विसरलो आहोत.

जाते घ्या. संत जनाबाईंचे गाव गंगाखेड आमच्याच जिल्ह्यात, गोदावरीच्या काठी आहे. पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणाऱ्या जनीबरोबर विठ्ठल स्वतः दळायला बसतो, ही कथा मराठवाड्यातल्या लेकरालाही ठाऊक असते. देव जात्यापाशी येतो, कारण जनी तिथे आहे. आता याच दख्खनमध्ये विजापूरच्या सूफींनी काय केले ते पाहा. सतराव्या-अठराव्या शतकांत त्यांनी आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने दखनी भाषेत 'चक्कीनामे' आणि 'चरखानामे' रचले. बायकांनी दळताना आणि सूत काततानाच म्हणायची ही गाणी. अमेरिकन इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी १९७८ साली विजापूरच्या सूफींवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या गाण्यांचा सविस्तर विचार आहे. एका चक्कीनाम्यात जात्याच्या दांड्याला अलिफची उपमा दिली आहे. अलिफ हे अल्लाहच्या नावाचे पहिले अक्षर. हातात धरून ओढायचे लाकूड सरळ उभे असते आणि अलिफही तसाच असतो. निरक्षर बाईला पाटी-पेन्सिलीशिवाय हे अक्षर शिकवणारा तो सूफी आम्हांला शिक्षक म्हणून फार मोठा वाटतो. त्याने वस्तूचे अक्षर केले.

वस्तू हेच अक्षर, हा धागा वाचकांनी लक्षात ठेवावा.

पश्चिमेकडे ही गोष्ट वेगळ्या वाटेने आली. १९१७ मध्ये मार्सेल द्युशाँ याने न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनासाठी बाजारात मिळणारे चिनी मातीचे मूत्रपात्र, खाली टोपणनावाने सही करून, शिल्प म्हणून पाठवले. कला कशाला म्हणायचे, असा त्याचा खोचक प्रश्न होता. आपल्याकडे वस्तू कलेत शिरली ती असा वाद घालायला नव्हे. ती आठवणीतून आली.

मकबूल फिदा हुसेन यांचेच उदाहरण घ्या. १९१५ साली त्यांचा जन्म झाला तो जनाबाईंच्या पंढरपुरात. आई ते अगदी तान्हे असतानाच वारली. तिचा चेहरा आठवत नव्हता आणि फोटोही नव्हता. त्यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या चेहरा नसलेल्या बाया आणि मराठी नऊवारी लुगडे यांचा संबंध या पोरकेपणाशी जोडला जातो. मुंबईत त्यांनी सिनेमाची मोठमोठी पोस्टरे रंगवली, फर्निचरच्या दुकानासाठी लाकडी खेळणी केली. १९५६ च्या त्यांच्या प्रसिद्ध चित्राच्या नावातच दिवा आहे. १९६७ मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी राजस्थानात एक छोटा चित्रपट केला. त्यात गोष्ट नाही, संवाद नाहीत. कंदील, छत्री, जोडा अशा वस्तू वाळूत, किल्ल्यावर, गल्लीत दिसत राहतात. बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला लघुपटांचे सुवर्ण अस्वल मिळाले. पुढे २००६ मध्ये हुसेन यांना देश सोडून राहावे लागले, २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्या वादात आम्ही इथे शिरत नाही. एवढेच म्हणतो की पंढरपुरात जन्मलेल्या या माणसाची ओळख शेवटपर्यंत कंदील, छत्री आणि लुगडे अशा चार घरगुती वस्तूंत राहिली.

पण आम्हांला सर्वांत जास्त थांबवले ते रुमाना हुसेन यांच्या कामाने. त्यांचे नाव आपल्या मराठी वाचकांपैकी किती जणांनी ऐकले असेल, शंकाच आहे. १९५२ मध्ये बंगळूरला त्या जन्मल्या, पुढे मुंबईत राहिल्या आणि १९९९ मध्ये कर्करोगाने गेल्या. आधी त्या कॅनव्हासवर रंगवीत असत. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली, त्यानंतर डिसेंबर आणि जानेवारीत मुंबईत दंगली झाल्या. त्या दिवसांत त्यांच्या कुटुंबालाही काही काळ आपले घर सोडून दुसरीकडे राहावे लागले. चांगल्या वस्तीतले, शिकलेले, सुखवस्तू घर. तोपर्यंत आपले मुस्लिम असणे हा त्यांच्या चित्रांचा विषय नव्हता. इतरांनी तो त्यांच्यापुढे आणून ठेवला.

दंगलीनंतर रुमानाबाईंनी मातीची मडकी घेतली. मडके उभे चिरले, फोडले. त्याचे अर्धुक पालथे ठेवले की घुमट दिसतो, उताणे ठेवले की रिकामी कूस दिसते. काही तुकडे त्यांनी आरशासमोर ठेवले, म्हणजे अर्धे मडके आरशात पूर्ण दिसते आणि पाहणाऱ्याला स्वतःचा चेहराही त्या तुकड्यांत दिसतो. सोबत गेरू, नीळ, कोळसा. वाचकहो, या सामानात एक तरी वस्तू अशी आहे का, जी परभणीच्या आठवडी बाजारात मिळत नाही? गेरूने आपल्या गावातल्या भिंती सारवल्या जातात, नीळ आपण चुन्यात आणि पांढऱ्या कपड्यांना घालतो. पाडलेल्या मशिदीचे चित्र त्यांनी काढले नाही. पाणी ठेवायचे मडके फोडून दाखवले. मशीद कोणाची यावर वाद होऊ शकतो. फुटलेले मडके कोणाच्याही घरचे असू शकते.

१९९५ मध्ये मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये त्यांनी स्वतः एक प्रयोग केला. पायांत घुंगरू, हातात अर्धी कापलेली पपई आणि तोंड आ वासलेले, पण आवाज नाही. तशा त्या प्रेक्षकांतून चालत राहिल्या. १९९६ च्या 'होम/नेशन' या मांडणीत कमानींची छायाचित्रे, उघड्या तोंडांची आणि चिरलेल्या फळांची छायाचित्रे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांत जपून ठेवलेल्या वस्तू होत्या. पोलीस पुरावा म्हणून पिशवीत ठेवतात, तशा. १९९७ मध्ये त्यांनी बेगम हजरत महल यांची कबर रचली. १८५७ च्या लढ्यात इंग्रजांशी लढलेली अवधची ही राणी १८७९ मध्ये काठमांडूत परमुलखात वारली. आपण तिचे नाव घेतो, कबरीपर्यंत कोण जातो? रुमानाबाईंनी ती कबर साध्या वस्तूंनी इथेच उभी केली.

त्यांचे शेवटचे मोठे काम १९९९ चे, 'अ स्पेस फॉर हीलिंग'. ते ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या आशिया-पॅसिफिक त्रैवार्षिक प्रदर्शनात त्याच वर्षी मांडले गेले, पण ते पाहायला त्या उरल्या नव्हत्या. लाल खोली आहे. जमिनीवर रुग्णालयातल्या स्ट्रेचरसारख्या पट्ट्या अशा पसरल्या आहेत की दवाखाना म्हणावा तर दवाखाना, जानमाज अंथरलेली दर्गाह म्हणावी तर दर्गाह. आणि भिंतीवर गंजलेली लोखंडी अवजारे ओळीने अशी बसवली आहेत की लांबून उर्दू लिपीतला मजकूर वाटावा.

या कामाचे छायाचित्र आम्ही पाहिले आणि उर्दू शिक्षकाच्या सवयीने उजवीकडून वाचू लागलो. हा अलिफ असेल, हा लाम, हा बहुधा नून. पण शब्द होईना. होणारच नव्हता, कारण ती अवजारे आहेत. न वाचताही 'हे उर्दू आहे' असे ठरवून टाकण्याची घाई आमच्यातही होती आणि आमच्याकडे बोट दाखवणाऱ्यांतही असते. एसटीत आमच्या हातातले उर्दू वर्तमानपत्र पाहून शेजारचा गृहस्थ सरकून बसतो, तेव्हा त्याने एकही अक्षर वाचलेले नसते. चक्कीनामा रचणाऱ्या सूफीने अवजारातून अक्षर शिकवले. तीनशे वर्षांनी मुंबईतल्या एका आजारी बाईने अक्षरांच्या जागी अवजारे ठेवून विचारले की, तुम्ही वाचता आहात की नुसते घाबरता आहात?

रुमानाबाई एकट्या नव्हत्या. घाटकोपरच्या अतुल दोडिया यांनी दुकानांची लोखंडी शटरे रंगवली. दंगलीत आणि बंदमध्ये मुंबईत सर्वांत आधी खाली येते ते शटर. ते वर केले की आत दुसरेच चित्र निघते. २००१ साली लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये जगातल्या शहरांवर मोठे प्रदर्शन भरले, त्यात मुंबईच्या वतीने ही शटरे होती. मुंबईच्याच शर्मिला सामंत यांनी शीतपेयांच्या बाटल्यांची बुचे गुंफून साडी केली. परदेशी कंपन्यांचे बाजार गावोगाव पोचत होते, त्या दिवसांचे हे वस्त्र. रुमानाबाईंच्याच वयाच्या, १९५२ मध्ये बैरूतला जन्मलेल्या पॅलेस्टिनी कलावंत मोना हातूम यांनी १९९६ मध्ये पूर्व जेरुसलेमात नाब्लूसच्या ऑलिव्ह तेलाच्या साबणाच्या वड्या जमिनीवर चौकोनात मांडल्या आणि त्यांत लाल मणी खोचून ओस्लो कराराचा नकाशा काढला. रोजच्या आंघोळीचा साबण, त्यावर तुकड्या-तुकड्यांचा मुलूख. नाब्लूसचा साबण तिथे शेकडो वर्षे होतो. नकाशा तेव्हा नुकताच काढलेला होता.

आणि झरीना हाशमी. १९३७ मध्ये अलीगढला जन्मल्या, वडील तिथल्या विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. फाळणीनंतर काही वर्षांनी आईवडील कराचीला गेले. झरीना देशोदेशी राहिल्या आणि २०२० मध्ये लंडनमध्ये वारल्या. १९९९ मध्ये त्यांनी ३६ लाकूडठसे केले. प्रत्येक ठशात घराचा एखादा भाग किंवा आठवण, नुसत्या काळ्या रेषांत, आणि खाली उर्दूत त्याचे नाव. घर, दहलीज, दरवाजा, दीवार. आमच्या पहिलीच्या वर्गातली शब्दांची पाटीच जणू! फरक एवढाच की आमची मुले घरात राहून हे शब्द शिकतात आणि झरीनांनी घर सुटल्यावर ते लिहून काढले.

झरीनांच्या आणि रुमानाबाईंच्या या कामांत माणसाची आकृती जवळजवळ नाही. सजीवांचे चित्र काढावे की नाही, हा आपल्या घरांतला जुना वाद आहे. चित्रकलेच्या परीक्षेला मुलीला बसवू नका, असे सांगायला पालक शाळेत येतात. आम्ही त्यांच्याशी वाद घालत नाही. कटोरा, कंदील, उंबरठा काढायला कोणाची ना असेल? एवढे अंगण मोकळे असताना आपण चित्रकलेचे दारच लावून घेतले, ही खंत मात्र वाटते.

कोणी म्हणेल, वस्तू मांडली म्हणजे कला झाली, मग भांड्यांचे प्रत्येक दुकान प्रदर्शनच म्हणायचे! प्रश्न रास्त आहे. दुकानात भांडे विकायला असते. संग्रहालयात ते काचेमागे जुने म्हणून असते. कलावंत तेच भांडे अशा जागी ठेवतो की आपल्याला त्याच्याशी असलेले आपले नाते आठवावे लागते. ते आठवले नाही तर काम फसले, असे खुशाल म्हणावे. या तऱ्हेच्या नावाखाली पुष्कळ पोकळ कामेही झाली आहेत.

आता पुन्हा आमच्या जिल्ह्याकडे येऊ. आमच्या दादीमां सांगत, पोलीस अॅक्शनच्या वेळी घरातली तांब्याची भांडी रातोरात शेजारच्या पाटलांच्या वाड्यावर नेऊन ठेवली. रझाकारांच्या जुलमाने गावोगावचे मराठी लोक आधी होरपळले होते, आणि नंतर सूड निघाला तो ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता त्यांच्यावरही. पंडित सुंदरलाल समितीने सर्वांत जास्त हानी झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि आमच्या शेजारच्या नांदेडचे नाव घेतले. तो अहवाल २०१३ पर्यंत लोकांना पाहायला मिळाला नाही. पाटलांनी भांडी मात्र काही महिन्यांत मोजून परत केली. एक डेग, दोन परात, चार कटोरे. अहवालाला पासष्ट वर्षे लागली, भांड्यांनी आपली साक्ष घरात कधीच देऊन ठेवली होती. त्या साक्षीत जुलूम होता आणि शेजारही होता.

पुढे २०१९ च्या डिसेंबरात नागरिकत्वाच्या कायद्यावरून देशभर चलबिचल झाली, तेव्हा आमच्या गल्लीत घरोघर पेट्या उघडल्या गेल्या. टी.सी., सातबारा, रेशनकार्ड, निजामाच्या वेळचा मोहरबंद कागद. उर्दूतले कागद वाचून द्या म्हणून लोक आमच्याकडे रांगेने येत. एका म्हाताऱ्या बाईंकडे कागद नव्हता. त्यांनी पदराखालून तांब्याचा लोटा काढला आणि म्हणाल्या, "इस पे सास का नाम है. चलेंगा क्या?" आम्ही काय सांगणार? कचेरीत लोटा चालत नाही. पण त्या लोट्यावर बाईंच्या सासूचे नाव होते, बाजाराच्या गावाचे नाव होते आणि सन होता. इतिहासाला आणखी काय लागते?

त्यानंतर एक-दोन वर्षांत त्या गल्लीतली निम्मी तांब्याची भांडी भंगारात गेली. कल्हईवाला येईनासा झाला, स्टील हलके पडते, तांब्याला भाव चांगला आला. गरजेपायी विकणाऱ्याला दोष देता येत नाही. पण भंगारवाला नाव वाचत नाही, वजन करतो. परभणीत हे घडते तसेच नांदेड, बीड, औरंगाबादेतही घडत असणार. मराठवाड्यातल्या मुस्लिमांचा इतिहास लिहायचा म्हणून आपण साहित्य संमेलनांत ठराव करतो आणि त्याची साधने शंभर-दोनशे रुपयांना तराजूत घालतो.

म्हणून आम्ही शाळेत एक साधी वही घातली आहे. मुलांनी घरातल्या नाव असलेल्या भांड्यांची त्यात नोंद करायची. भांडे कोणते, नाव कोणत्या लिपीत, सन कोणता, कोणत्या बाजारातून आले, कोणाच्या लग्नात आले. शेजारी त्याचे चित्र काढायचे, आणि चित्रात अक्षरे काढायचीच. पहिल्या पानांवर उर्दू नावे आणि फसली सन आहेत. पुढे एकाच घरात दोन्ही लिप्या दिसतात. नंतर देवनागरी आणि इसवी सन. सर्वांत नव्या भांड्यांवर नाव घालायची चालच उरलेली नाही, तिथे मुले कंपनीचा शिक्का काढतात. हा आमच्या गावाचा शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो आठवी-नववीच्या मुलांनी लिहिला आहे. ज्यांच्या हाती शाळा आहेत, ते कोणत्याही माध्यमाचे असोत, त्यांनी अशी वही घालून पाहावी. पाटलांच्या वाड्यातल्या भांड्यांचीही त्यात नोंद व्हावी. या मुलांतून उद्या एखादी रुमाना निघेल की नाही, आम्ही सांगू शकत नाही. पण ती निघाली तर तिच्या हाती सामान तरी असेल.

त्या मुलीने कटोऱ्याचे चित्र दुसऱ्यांदा काढले. या वेळी काठाखाली एकेक टिंब देऊन पणजोबांचे नाव लिहिले. त्यात पूर्ण तास गेला आणि छायाप्रकाश अर्धाच राहिला. परीक्षेत त्याला गुण मिळाले नसते. वहीत ते पान क्रमांक एक आहे. कटोरा मात्र त्याच दिवशी घरी परत गेला. त्यात रोज ज्वारीचे पीठ मोजतात, तो शाळेत ठेवता येणार नाही, असे तिने आधीच सांगितले होते.